संकेतस्थळावरील 'स्थळ' : ऑनलाइन वधूवर-परिचयातील फसवणूक आणि सुरक्षिततेचा विचार

सारांश

विवाह अथवा मैत्री यांच्या हेतूने इंटरनेटवर होणारे परिचय आता महाराष्ट्राच्या शहरी व ग्रामीण अशा दोन्ही भागांत रुळले आहेत. या परिचयांमुळे निवडीचे स्वातंत्र्य वाढले. मात्र पारंपरिक सोयरिकीत नातलग व मध्यस्थ जी चौकशी करीत असत, ती या नव्या व्यवस्थेत कोणाचीच जबाबदारी उरली नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा लाभ घेणाऱ्या फसवणुकीचे प्रकार, तिची कार्यपद्धती, पडताळणीचे मार्ग आणि कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले आहे. सुरक्षितता म्हणजे परिचयास मनाई नव्हे, तर हरवलेल्या चौकशीची नव्या साधनांनी केलेली पुनःस्थापना होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विवाहविषयक संकेतस्थळे, डेटिंग अ‍ॅप, सायबर फसवणूक, चौकशी, लोकलाज, महाविद्यालयीन समुपदेशन.

१. प्रस्तावना

मराठी समाजात 'स्थळ सांगून येणे' हा वाक्प्रचार विवाह जुळविण्याच्या एका संपूर्ण पद्धतीचा निदर्शक आहे. स्थळ येते म्हणजे ते कोणाच्या तरी तोंडून येते. सांगणारा मामा असो, शेजारी असो वा वधूवर सूचक मंडळाचा कार्यकर्ता असो, सांगण्याबरोबरच तो काही अंशी जामीनही राहत असे. पाहण्याच्या कार्यक्रमापूर्वी घराणे, नोकरी, शेती, कर्ज, व्यसन, आजार यांची चौकशी होई. ती कधी उघड, तर कधी गावातील किराणा दुकानदाराकडून वा कार्यालयातील शिपायाकडून परस्पर केली जाई.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात विवाहविषयक संकेतस्थळे सुरू झाली. २०१२ मध्ये अमेरिकेत टिंडर हे अ‍ॅप आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशा अनेक अ‍ॅप्सचा भारतातही प्रसार झाला. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला व ही साधने तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचली. आता स्थळ सांगणारे कोणी नाही. स्थळ स्वतःच स्वतःची माहिती देते. संकेतस्थळावर छायाचित्र, शिक्षण, वेतन व अपेक्षा यांची नोंद असते, परंतु त्या नोंदीच्या खरेपणाबद्दल जामीन राहणारा मनुष्य मध्ये नसतो. या बदलाचे परिणाम महाविद्यालयीन विद्यार्थी, पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्या स्त्रिया व विवाहासाठी स्थळ न मिळणारे ग्रामीण तरुण अशा भिन्न वर्गांना भोगावे लागतात. म्हणून हा विषय केवळ पोलीस यंत्रणेचा न राहता शिक्षणक्षेत्राचाही ठरतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ऑनलाइन परिचयातून होणाऱ्या फसवणुकीच्या प्रमुख प्रकारांचा परिचय करून देणे.
२) व्यक्ती फसवणुकीस बळी पडण्यामागील सामाजिक कारणांचे विश्लेषण करणे.
३) पडताळणीचे व प्रत्यक्ष भेटीतील सुरक्षिततेचे उपाय सांगणे.
४) कायदेशीर तरतुदी व महाविद्यालयांची भूमिका स्पष्ट करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यातील तरतुदी, शासकीय सूचना व प्रकाशित अहवाल या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. फसवणुकीचे प्रमुख प्रकार

अ) परदेशस्थ वर आणि भेटवस्तूचे पार्सल : या प्रकारात विवाहविषयक संकेतस्थळावर परदेशातील डॉक्टर, अभियंता किंवा जहाजावरील अधिकारी म्हणून नोंदणी केली जाते. घटस्फोटित, विधवा किंवा वयाची पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांशी विशेषत्वाने संपर्क साधला जातो. काही आठवड्यांच्या संभाषणानंतर दागिने, घड्याळ वा परकीय चलन असलेले पार्सल पाठविल्याचे सांगितले जाते. पुढे स्वतःला सीमाशुल्क अधिकारी म्हणविणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी येतो आणि पार्सल सोडविण्यासाठी रक्कम मागितली जाते. ती भरली की दंड, मग कर, मग 'प्रकरण मिटविण्याचा' खर्च अशी मालिका सुरू होते. येथे एक साधी माहिती उपयोगी पडते. सीमाशुल्क विभाग खासगी बँक खात्यात रक्कम भरण्यास सांगत नाही. शिवाय नोव्हेंबर २०१९ पासून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली असून तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

आ) प्रेमातून गुंतवणुकीकडे : येथे पैसे मागितले जात नाहीत, ते 'वाढवून' दिले जातात. परिचित व्यक्ती आपल्या यशस्वी गुंतवणुकीचा सहज उल्लेख करते आणि एखादे अ‍ॅप सुचविते. प्रारंभी लहान रक्कम गुंतवून नफ्यासह परतही मिळते. त्यामुळे विश्वास बसतो, मोठी रक्कम गुंतविली जाते आणि ती काढावयास गेल्यावर 'कर' व 'शुल्क' मागितले जाते. पडद्यावर दिसणारा नफा हा केवळ आकडा असतो. या गुन्ह्याची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० व कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जात असावीत. नोकरीच्या आमिषाने तेथे नेलेल्यांत भारतीय तरुणही होते. पलीकडून गोड बोलणारी व्यक्ती स्वतःच कोणाच्या तरी कैदेत असण्याची शक्यता असते. म्हणूनच वैयक्तिक आर्जवाने तिचे मन वळेल, ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

इ) चित्रफितीद्वारे खंडणी : अल्प परिचयानंतर व्हिडिओ कॉल केला जातो, समोरची व्यक्ती विवस्त्र होते आणि प्रतिसाद देणाऱ्याचे चित्रण केले जाते. पुढच्या काही मिनिटांत नातलगांच्या नावांची यादी दाखवून पैशांची मागणी होते. काही वेळा पोलीस अधिकाऱ्याच्या नावानेही दूरध्वनी येतो. या प्रकारात तरुण मुलगे मोठ्या प्रमाणावर सापडतात. समलिंगी पुरुषांना अ‍ॅपवरून भेटीस बोलावून लुटण्याचे व धमकावण्याचे प्रकारही याच जातीचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्यामुळे 'पोलिसांत देऊ' या धमकीतील कायदेशीर बळ संपले आहे. कुटुंबात कळण्याची भीती मात्र शिल्लक आहे.

ई) प्रत्यक्ष भेटीतील लूट : अ‍ॅपवर ओळख झालेली तरुणी विशिष्ट उपाहारगृहाचाच आग्रह धरते, महागडे पदार्थ व पेये मागविते आणि निघून जाते. मागे राहिलेल्या तरुणाकडून दमदाटीने हजारो रुपयांचे बिल वसूल केले जाते. मुंबई व दिल्ली येथील असे प्रकार २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून उघडकीस आले.

उ) ग्रामीण वरांची फसवणूक : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८०७ इतके खाली गेले होते. ही पिढी आता विवाहयोग्य वयात येत आहे. शेती करणाऱ्या तरुणांस मुली मिळेनाशा झाल्या, हे वास्तव डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर येथे घोड्यावर बसून, नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर गेलेल्या अविवाहित तरुणांच्या मोर्चाने राज्यापुढे मांडले. अशा कुटुंबांच्या अगतिकतेवर दलाल जगतात. समाजमाध्यमांतील गटांतून छायाचित्र दाखविले जाते, 'मुलीकडच्या खर्चासाठी' रक्कम घेतली जाते आणि कधी विवाहानंतर थोड्याच दिवसांत वधू दागिन्यांसह नाहीशी होते. बळी केवळ स्त्रियाच असतात, हा समज त्यामुळे टिकत नाही.

४. बळी पडण्यामागील सामाजिक कारणे

फसलेल्या व्यक्तीस मूर्ख अथवा लोभी ठरविण्याची प्रवृत्ती समाजात दिसते. वास्तविक वरील सर्व प्रकारांत गुन्हेगार लोभापेक्षा एकटेपणाचा व सौजन्याचा उपयोग अधिक करतो. सलग तीन महिने रोज सकाळी विचारपूस करणाऱ्या व्यक्तीने रुग्णालयातून वीस हजार रुपये मागितले असता पुरावा मागणे अनेकांस असभ्यपणाचे वाटते. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण या प्रसंगास तंतोतंत लागू पडते. संभाषण मूळ संकेतस्थळावरून व्हॉट्सअ‍ॅपवर लवकर नेणे, अत्यल्प काळात विवाहाचे वचन देणे, 'घरच्यांना इतक्यात सांगू नकोस' असे सुचविणे आणि प्रत्येक मागणीस तातडीची जोड देणे, ही चार लक्षणे जवळपास प्रत्येक प्रकरणात आढळतात. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे होय. चौकशी करणारे तिऱ्हाईत माणूस दूर ठेवणे, हाच त्यामागील हेतू असतो.

दुसरे कारण लोकलाज हे आहे. गुन्हेगाराचे खरे भांडवल छायाचित्र नसून ते प्रसृत झाल्यावर कुटुंब काय करील याविषयीची भीती हे असते. विद्यार्थिनीच्या बाबतीत ही भीती अनाठायी नसते. प्रकार घरी कळताच मोबाईल काढून घेणे, शिक्षण थांबविणे किंवा घाईने विवाह उरकणे, असे उपाय योजले जातात. परिणामी ती तक्रार करण्याऐवजी पैसे देत राहते. ज्या घरात मुलीला सांगण्याची सोय असते, त्या घरात खंडणीखोराचे हत्यार बोथट होते.

५. चौकशीची नवी साधने

पारंपरिक चौकशीस दोन बाजू होत्या. तिच्यामुळे फसवणुकीस आळा बसे, हे खरे. परंतु तीच जात, हुंडा व मुलीच्या मताची उपेक्षा यांचेही साधन बनली होती. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे इष्ट नाही. चौकशीचा अधिकार स्वतःकडे ठेवून तिची शिस्त मात्र स्वीकारणे, हा मध्यम मार्ग होय. त्यासाठी पुढील उपाय उपयुक्त ठरतात.

पहिला उपाय म्हणजे छायाचित्राची पडताळणी. गूगल लेन्ससारख्या सुविधेत छायाचित्र टाकले असता ते अन्यत्र, अन्य नावाने वापरले आहे काय, हे पुष्कळदा कळते. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरावा. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा बदलता येत असल्याने केवळ त्यावर विसंबू नये.

दुसरा उपाय म्हणजे सार्वजनिक नोंदींचा वापर. डॉक्टर म्हणविणाऱ्याचे नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत असावयास हवे. सनदी लेखापालाची नोंद त्यांच्या संस्थेकडे असते. कंपनीच्या संचालकाची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. घटस्फोट झाल्याचे सांगितले असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागण्यात संकोच नसावा; ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरणाचा शोधही घेता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले ओळखपत्राचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. लष्करी अधिकाऱ्याचे ओळखपत्र न मागता पाठविले जात असेल, तर संशय वाढावयास हवा.

तिसरा उपाय म्हणजे मनुष्याद्वारे चौकशी. ज्या गावाचा, महाविद्यालयाचा वा कंपनीचा उल्लेख केला गेला, तेथील एखादी ओळखीची व्यक्ती शोधून प्रत्यक्ष विचारणे, हा जुना मार्ग आजही सर्वांत खात्रीचा आहे. खरी व्यक्ती अशा चौकशीने रागावत नाही. बहुधा तीही तशीच चौकशी करीत असते.

चौथा उपाय आर्थिक शिस्तीचा आहे. प्रत्यक्ष भेट व कुटुंबाची ओळख होईपर्यंत कोणत्याही कारणास्तव पैसे देऊ नयेत व घेऊही नयेत. घेण्याचा निषेध मुद्दाम सांगावा लागतो, कारण 'माझे खाते बंद आहे, तुझ्या खात्यात रक्कम येऊ दे' अशी विनंती करून दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरविले जातात. तसे झाल्यास खाते गोठते आणि खातेदार स्वतः चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही, हेही विद्यार्थ्यांस आवर्जून सांगितले पाहिजे.

प्रत्यक्ष भेटीच्या वेळी स्थान स्वतः निवडावे व ते वर्दळीचे असावे. येण्याजाण्यासाठी स्वतःचे वाहन अथवा सार्वजनिक वाहतूक वापरावी. विश्वासू व्यक्तीस समोरच्याचे नाव, क्रमांक व परतण्याची वेळ कळवावी आणि मोबाईलवरून आपले स्थान तिला दिसू द्यावे. पेय नजरेआड ठेवू नये. घराचा पत्ता, वसतिगृहाचे नाव व रोजचा मार्ग प्रारंभी सांगू नये. अस्वस्थता वाटल्यास कारण न देता निघून यावे. संकटप्रसंगी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

६. कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने ६६-सी, ६६-डी व ६६-ई ही कलमे आली. त्यातील ६६-सी हे कलम दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर व ६६-डी हे कलम संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून केलेली फसवणूक यांसाठी असून दोहोंत ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ६६-ई कलम संमतीशिवाय खासगी अवयवांचे चित्रण वा प्रसारण, तर ६७-ए कलम लैंगिक कृतीचे दर्शन घडविणाऱ्या मजकुराचे प्रसारण दंडनीय ठरविते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातील कलम ३१८ फसवणुकीस, ३१९ तोतयेगिरीस व ३०८ खंडणीस लागू होते. कलम ७७ मधील एक स्पष्टीकरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. स्त्रीने चित्रणास संमती दिली असली, तरी प्रसारणास दिली नसेल, तर प्रसारण हा गुन्हा ठरतो. 'फोटो तिनेच पाठविला होता' हा बचाव त्यामुळे टिकत नाही. कलम ७८ पाठलागाविषयी असून त्यात इंटरनेटद्वारे ठेवलेल्या पाळतीचाही समावेश होतो. पूर्ण करण्याचा हेतू नसताना विवाहाचे वचन देऊन, अथवा ओळख लपवून विवाह करून शरीरसंबंध ठेवल्यास कलम ६९ अन्वये १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने जून २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. संकेतस्थळ केवळ विवाहासाठी असल्याचे जाहीर करणे, नोंदणी करणाऱ्याची ओळख कागदपत्रांद्वारे पडताळणे, फसवणुकीविषयी सावध करणे व तक्रार अधिकारी नेमणे, अशा अपेक्षा त्यांत आहेत. तथापि संकेतस्थळाने दिलेले 'पडताळणी झाली' हे चिन्ह अनेकदा केवळ मोबाईल क्रमांक वा छायाचित्रापुरते असते; ते चारित्र्याचे प्रमाणपत्र मानणे चुकीचे होय.

७. फसवणूक झाल्यानंतर

आर्थिक फसवणुकीत वेळ हा निर्णायक घटक असतो. रक्कम एका खात्यातून अनेक खात्यांत वेगाने विभागली जाते. म्हणून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. त्यावरून संबंधित बँकांस सूचना जाऊन शिल्लक रक्कम रोखली जाऊ शकते. त्याच वेळी स्वतःच्या बँकेस लेखी कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

संतापाच्या वा लाजेच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा क्रमांक, प्रोफाइलचा दुवा व संदेशांची पडद्यावरील चित्रे जपून ठेवावीत. खंडणीखोरास एकदा पैसे दिल्याने मागणी थांबत नाही. देण्याची तयारी दिसल्याने ती वाढते. खासगी छायाचित्रे पसरविण्याची धमकी असल्यास 'स्टॉप-एनसीआयआय' या २०२१ मध्ये सुरू झालेल्या सुविधेचा प्रौढांना उपयोग होतो. त्यात छायाचित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. त्यापासून आपल्याच उपकरणावर एक संकेतांक तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून जुळणारे चित्र रोखतात. 'बुडालेली रक्कम परत मिळवून देतो' असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे लोक ही बहुधा त्याच फसवणुकीची दुसरी फेरी असते.

८. महाविद्यालयांची भूमिका

या विषयावर वर्षातून एक व्याख्यान ठेवल्याने फारसे साधत नाही. व्याख्यानात 'अ‍ॅप वापरू नका' असा उपदेश असेल तर उलट परिणाम होतो. ज्याने उपदेश मोडला, तो संकटात पडल्यावर त्याच शिक्षकाकडे येत नाही. यास्तव पुढील बाबी विचारार्ह आहेत :

१) महिला विकास कक्ष व मार्गदर्शक-शिक्षक योजनेत या प्रश्नासाठी एक शिक्षिका व एक शिक्षक यांची नावे जाहीर करावीत. मुलगेही बळी पडतात, याची जाणीव ठेवावी.
२) प्रौढ विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय पालकांस कळविले जाणार नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करावे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास किंवा जीवितास धोका असल्यास वेगळा निर्णय घ्यावा लागेल, हेही सांगावे.
३) तक्रार लिहिण्यास, पुरावा जपण्यास व पोलीस ठाण्यात सोबत जाण्यास मदत करावी. 'तू असे केलेसच का?' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये.
४) मानसिक तणाव तीव्र असल्यास टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकाची माहिती द्यावी व विद्यार्थ्यास एकटे सोडू नये.

९. निष्कर्ष

१) ऑनलाइन परिचय हा विवाह व मैत्री यांचा आता रूढ मार्ग झाला असून त्यास मनाई करणे व्यवहार्य वा इष्ट नाही.
२) या मार्गातील मुख्य उणीव तंत्रज्ञानाची नसून जबाबदार चौकशीच्या अभावाची आहे. ती सार्वजनिक नोंदी, मनुष्याद्वारे विचारपूस व आर्थिक शिस्त यांनी बऱ्याच अंशी भरून काढता येते.
३) गोपनीयतेचा आग्रह, तातडी व पैशांची मागणी एकत्र आल्यास परिचय त्याच क्षणी थांबवावा.
४) कायद्याच्या तरतुदी पुरेशा स्पष्ट आहेत, तक्रारीस विलंब व लोकलाज यांमुळे त्या निष्प्रभ ठरतात.
५) बळी पडलेल्यास दोष न देता ऐकून घेणारी एक तरी व्यक्ती घरात वा महाविद्यालयात उपलब्ध असणे, हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंधक उपाय होय.

पूर्वीच्या काळी स्थळाविषयी चार माणसे विचारपूस करीत आणि बिघडले तर तीच चार माणसे पाठीशी उभी राहत. संकेतस्थळ त्यांपैकी कोणतेच काम करीत नाही. ते काम शिक्षक, मित्र व कुटुंबीय यांना, निवडीच्या स्वातंत्र्यास बाधा न आणता, यापुढे करावे लागणार आहे.